जुनी बॅट ऑनलाइन लिलावात घेताना आणि विकताना

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून इंग्लंडला आलेलं कुटुंब. बारा वर्षांचा मुलगा इथल्या क्लबात अंडर-१३ मध्ये खेळतो. भारतातून आणलेली काश्मीर विलोची (विलो म्हणजे बॅटीचं लाकूड देणारं झाड) बॅट त्याला जड पडते आणि इंग्लिश विलोची नवी बॅट दुकानात महाग वाटते. ईबेवर जुन्या बॅटींचे लिलाव चालतात. तिथून घ्यावी का? फसवणूक कशी टाळावी? मुलाला लहान पडलेलं किट तिथेच विकावं का? शिवाय नाशिकचे मेहुणे मागे लागलेत, "येताना माझ्यासाठीही एक इंग्लिश बॅट उचल." मी इथे बरीच वर्षं क्लब क्रिकेट खेळतोय. हिवाळ्यात बॅटी दुरुस्त करतो आणि त्या बहुतेक लिलावातूनच घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलासाठी जरूर घ्या. जुन्या क्रीडासाहित्यात मुलांच्या मापाच्या बॅटीइतका फायद्याचा सौदा दुसरा नाही. मोठ्या माणसाची बॅट विक्रीला येते ती बऱ्याचदा दमल्यावर, पण लहान मुलाची येते ती मुलगा वाढला म्हणून. एक उन्हाळा खेळलेली, त्यातही निम्मे सामने पावसाने वाहून गेलेले, अशी बॅट नव्याच्या निम्म्या किमतीत सहज मिळते. मात्र शर्ट घेतो तशी वाढत्या अंगाची बॅट घेऊ नका. पोरगं मोठ्या बॅटीला हात पुरवण्यासाठी खालचा हात घट्ट धरतं, सगळे फटके आडवे मारायला लागतं, आणि ती सवय सोडवताना कोचच्या नाकी नऊ येतात. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर साधारण ५ किंवा ६ नंबर लागतो. त्यापुढे हॅरो, म्हणजे मुलांच्या आणि मोठ्यांच्या मधलं माप, आणि मग मोठ्यांची शॉर्ट हँडल. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून उंची दोन मापांच्या सीमेवर असेल तर लहान माप घ्या.

वजनाच्या बाबतीत नवखे लोक हमखास एका ठिकाणी गोंधळतात. जाहिरातीत "२.८" लिहिलेलं असतं. ते दशांशातले पौंड नसून दोन पौंड आठ औंस असतात. पौंडाचे औंस सोळा, म्हणजे ही बॅट सुमारे १,१३४ ग्रॅमची. दशांश समजून हिशेब केलात तर १,२७० ग्रॅम येतात. याच कारणाने "२.१०" ही बॅट "२.९" पेक्षा जड असते. आणि "हलकी आहे" हे विक्रेत्याचं मत झालं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून काढलेला ग्रॅमचा फोटो मागा. प्रामाणिक माणूस तो दोन मिनिटांत पाठवतो.

आता फोटोंबद्दल. जाहिरातीतला पहिला फोटो बॅटीच्या दर्शनी बाजूचा असतो आणि तो सगळ्यात कमी उपयोगाचा. मी आधी टो बघतो, म्हणजे जमिनीला टेकणारं खालचं टोक. फलंदाज स्टान्स घेऊन ओल्या गवतावर बॅट ठोकत उभा राहतो. ओल तिथून आत शिरते, लाकूड फुगतं, मग सुकतं, मग तडकतं. टोचा समोरून काढलेला फोटो बघा. कड सरळ रेषेत असली पाहिजे. मधे फुगवटा दिसला किंवा करडा-काळा डाग वर चढलेला दिसला, तर ती बॅट पाणी प्यायली आहे. टोमधून रेषांच्या बाजूने वर गेलेली चीर दोन-तीन सेंटिमीटरची असेल तर ग्लू भरून, शिकंज्यात दाबून, वर दोरा गुंडाळून ती अनेक वर्षं चालते. तीच चीर दर्शनी बाजूने शिरून पाठीमागे निघालेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. टोवर रबरी पट्टी चिकटवलेली असेल तर ती खरेदीपासूनची की नंतर लावलेली, हे विचारा.

दुसरी जागा म्हणजे खांद्याखाली हँडल पात्यात शिरतं तो व्ही आकाराचा जोड. त्यावर केसासारखी रेष दिसणं साधं आहे, बऱ्याचदा ती वरच्या वॉर्निशची असते. पण जोडाची एक बाजू उघडल्यासारखी, सावली पडल्यासारखी दिसली तर हँडल सुटत चाललंय. हँडल बदलून मिळतं, पण मुलाच्या बॅटीला तो खर्च परवडत नाही. फोटोत हे नीट कळत नाही, म्हणून विक्रेत्याला सांगा, एका हाताने पातं आणि एका हाताने हँडल धरून हलकेच पिळा, आणि त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. चरचर ऐकू आली की आतला वेत तुटला आहे असं समजायचं.

दर्शनी बाजूवरच्या बारीक चिरा आणि चेंडूचे लाल ठसे यांना मात्र लोक उगाच घाबरतात. माझ्या लेखी मधोमध दाट उमटलेले ठसे म्हणजे बॅटीची शिफारस. त्या बॅटीला स्ट्रोक आहे, म्हणजे चेंडू तिच्यावरून जोरात सुटतो, आणि ती खेळून नीट बसलेली आहे, हे त्यावरून कळतं. उलट जुनी म्हणून विकायला आलेली, पण पांढरीशुभ्र, नुकतीच घासून तेल दिलेली बॅट दिसली की मी दोन पावलं मागे सरतो. घासताना ठसे जातात, त्यांच्यासोबत चिराही बुजतात, आणि लाकडाचा एखादा मिलिमीटरही कमी होतो. दुरुस्ती करून विकण्यात गैर काही नाही, मी स्वतः तेच करतो. पण मग आधीचे फोटो दाखवता आले पाहिजेत. "रिफर्बिश्ड" लिहिलंय आणि आधीचा एकही फोटो नाही, अशी जाहिरात मी सोडून देतो.

पात्यावरच्या रेषांचा, म्हणजे ग्रेन्सचा, बाजारात फार बाऊ केला जातो. एक रेष म्हणजे झाडाच्या वाढीचं एक वर्ष. रेषा दाट असतील तर बॅट लवकर खुलते आणि बहुधा लवकर दमतेही, विरळ असतील तर वेळ घेते. आणि "ग्रेड वन" हा शिक्का सगळ्या कंपन्यांना बांधील असा कुठलाही नियम नाही. प्रत्येक जण आपापली प्रत ठरवतो. मुलाच्या जुन्या बॅटीसाठी सहा रेषा आणि दहा रेषा यांच्यातला फरक टोच्या तब्येतीपुढे अगदीच किरकोळ आहे.

स्टिकरवर तर विश्वासच ठेवू नका. बड्या ब्रँडचे स्टिकरसंच वेगळे विकत मिळतात. मेरठ आणि जालंधर इथे चांगल्या बॅटी बनतात, कित्येक नामांकित ब्रँडांच्या बॅटीही भारतात बनतात, पण बिननावाची बॅट घेऊन तिच्यावर महागडं नाव चिकटवणारे लोकही आहेत. पडताळणी सोपी आहे. कंपन्या दर वर्षा-दोन वर्षांनी मॉडेलचं रूप बदलतात. स्टिकर कुठल्या वर्षीच्या मॉडेलचा आहे ते शोधा आणि त्या मॉडेलच्या पाठीचा उंचवटा, खांद्यांचा उतार, टोचा आकार जाहिरातीतल्या बॅटीशी ताडून बघा. उंचवटा तळाकडे हवा आणि फोटोत तो मध्यावर असेल तर काय ते कळलंच. मूळ खरेदीची पावती किंवा ईमेल मागा. मुलांच्या बॅटी विकणाऱ्या आईबापांकडे ती निम्म्या वेळा तरी असतेच.

सहीच्या बॅटींच्या वाटेला जाऊच नका. वानखेडेवर २०११ चा विश्वचषक जिंकून देणारी धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनमधल्या धर्मादाय लिलावात १ लाख पौंडांना गेली. ती कुठून आली हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. ईबेवरच्या सहीमागे असा माग नसतो. अमेरिकेत खोट्या सह्यांचा धंदा मोडायला एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढावी लागली होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता लिलाव. ईबेवर तुम्ही आकडा टाकता ती तुमची कमाल बोली असते. यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच किंमत चढवत नेते. तुम्ही ५५ पौंड टाकले आणि दुसऱ्याची कमाल ४० ची असेल, तर बॅट तुम्हाला ४१ ला मिळते, कारण त्या टप्प्यात बोली एकेका पौंडाने चढते. म्हणजे जिंकणारा स्वतःचा आकडा देत नाही, हरणाऱ्याच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त देतो. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं होतं की बंद बोलीच्या अशा लिलावात आपली खरी कमाल किंमत एकदाच सांगणं हाच शहाणपणा. विकरींना १९९६ मध्ये नोबेलही मिळालं. ईबेवरची माणसं मात्र नेमकं उलटं वागतात. ३० टाकतात, कोणी वर गेलं की ३२, मग ३५, मग रात्री साडेनऊला हट्टाने ६०. लिलावात माणूस वस्तूपेक्षा हरण्याचाच जास्त विचार करायला लागतो, आणि विक्रेत्याची कमाई तिथेच असते.

म्हणून आकडा आधी ठरवा आणि तो कागदावर मांडा. शोधयादीत फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय असते, ती लावा. लोक मागतात ती किंमत आणि प्रत्यक्षात मिळते ती किंमत यांत बरंच अंतर दिसेल. समजा, त्याच मापाच्या, तशाच अवस्थेतल्या बॅटी ५५ ते ६५ पौंडांना गेल्यात. टपालखर्च ७, नवी ग्रिप ६, टोची किरकोळ दुरुस्ती १५ धरली तर तुमची कमाल बोली ३०-३५ च्या घरात येते. त्यात न मिळाल्यास पुढच्या आठवड्यात दुसरी येईलच, बॅटींचा काही दुष्काळ नाही. २०२५ पासून इथे खासगी विक्रेत्याकडून घेताना खरेदीदार संरक्षणाचं शुल्क किमतीतच मिळवलेलं असतं, त्यामुळे पडद्यावर दिसणारा आकडा धरूनच हिशेब करा.

बोली लावायची ती शेवटच्या दहा सेकंदांत. ईबेचा लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो, शेवटच्या बोलीनंतर वेळ वाढत नाही. काही लिलावस्थळांवर वेळ वाढते, तिथे ही युक्ती चालत नाही, पण ईबेवर चालते आणि नियमातही बसते. तीन दिवस आधी बोली लावून तुम्ही एवढंच करता की बाकीच्यांना त्या बॅटीकडे बघायला लावता. आकडा गोल ठेवू नका. ३५ च्या ऐवजी ३५.६२ टाका, बरोबरीच्या बोलीत तेवढ्या पेन्सांनी बाजी मारता येते. आणि वेळेकडे लक्ष द्या. रविवारी रात्री संपणारे लिलाव चढतात, मंगळवारी दुपारी संपणारे पडतात. इथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॅटी स्वस्त असतात आणि मार्चमध्ये सगळे आईबाप एकदम जागे होतात. स्पेलिंग चुकलेल्या जाहिरातीही शोधून बघा. क्रिकेट न कळणाऱ्या, घर आवरणाऱ्या माणसाने ब्रँडचं नाव चुकीचं लिहिलं की ती जाहिरात कोणाच्या शोधात येत नाही, आणि तिथे कधीकधी घबाड मिळतं.

खोट्या बोलीही असतात. विक्रेता दुसऱ्या नावाने किंवा मित्राकडून स्वतःच्याच मालावर बोली चढवतो. हा इथे गुन्हा आहे, आणि २०१० मध्ये ब्रॅडफर्डच्या न्यायालयात ईबेवर स्वतःच्या मालावर बोली लावणाऱ्या एकाला शिक्षाही झाली. ओळखायचं कसं? बोलींचा इतिहास उघडा. नावं झाकलेली असतात, पण त्या बोलीदाराच्या गेल्या ३० दिवसांतल्या किती टक्के बोली याच विक्रेत्याच्या मालावर आहेत, ते दिसतं. शून्य अभिप्रायाचा एक जण, शंभर टक्के बोली याच विक्रेत्यावर, आणि दर वेळी तुमच्या कमाल बोलीच्या जवळ येऊन थांबणारा, असं दिसलं की गुपचूप बाहेर पडा. शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावणाऱ्याला या लोकांचा त्रास जवळपास होतच नाही, हा त्या सवयीचा दुसरा फायदा.

अभिप्राय वाचताना टक्केवारी बघून थांबू नका. शंभर टक्के चांगला अभिप्राय, पण सगळा मोबाइलच्या कव्हरांचा आणि तोही खरेदीदार म्हणून मिळालेला, तर बॅट विकणारा म्हणून तो माणूस कोरा आहे. वेगवेगळ्या मापाच्या चार-पाच बॅटी, एक किटबॅग, दोन जोडी शूज असा माल विकायला काढलेला आणि "बॅट किती हंगाम खेळली?" याचं उत्तर मात्र नाही, असा विक्रेता दिसला की माझ्या डोळ्यासमोर गाडीच्या डिकीतून चोरीला गेलेली किटबॅग येते. चोरीचा माल पैसे देऊन घेतला म्हणून तो तुमचा होत नाही. मूळ मालक सापडला की बॅटही जाते आणि पैसेही. सायकलच्या बाबतीत तर हे फारच घडतं. इथे सायकल घेणार असाल तर फ्रेमवरचा नंबर बाइकरजिस्टर या सायकलनोंदणीच्या साइटवर तपासल्याशिवाय एक पेनीही देऊ नका.

पैसे कायम ईबेच्या आतूनच द्या. "बाहेर भेटलात तर दहा पौंड कमी करतो, पेपलवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठवा" असा निरोप आला की तिथेच थांबा. त्या प्रकारच्या पेमेंटला खरेदीदाराचं संरक्षण नाही. आत राहून पैसे दिले असतील आणि बॅट आलीच नाही किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर ठरलेल्या मुदतीत, साधारण ३० दिवसांच्या आत, तक्रार करून पैसे परत मिळवता येतात. पार्सल उघडताना एक सलग व्हिडिओ काढा. पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करायची आणि बॅट चारही बाजूंनी फिरवून, टो जवळून दाखवून थांबायचं. बॅट हरल्यावर "जिंकणाऱ्याने घेतली नाही, तुम्हाला देतो" असा निरोप येऊ शकतो. तशी दुसरी संधी खरंच दिली जाते, पण ती तुमच्या ईबे खात्यातल्या निरोपांमध्ये दिसली पाहिजे. नुसत्या ईमेलवर आली असेल तर सोडून द्या.

कायद्याच्या अंगाने एवढं लक्षात ठेवा. विक्रेता व्यापारी असेल तर इथल्या नियमांनुसार ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या मालाला ती सोय नाही, तिथे फक्त वर्णन खरं असणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून खासगी विक्रेत्याकडून प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या, तीही ईबेच्याच निरोपांतून. "कुठे चीर आहे का, हँडल कधी दुरुस्त केलंय का, किती हंगाम खेळली, वजन किती ग्रॅम?" एवढे चार प्रश्न पुरतात. "नाही" असं लिहून दिलं आणि चीर निघाली, की दुसरा पुरावा लागत नाही. माझा अनुभव असा की वाईट माल विकणारा खोटं उत्तर सहसा देत नाही, तो उत्तरच देत नाही. त्यामुळे फोटोंपेक्षा मी उत्तरांवर जास्त बोली लावतो.

हेल्मेट मात्र लिलावातून घेऊ नका. कितीही स्वस्त असो, कितीही चांगल्या घरातलं असो. चेंडूचा जोराचा मार बसला की आतला फोम दबतो किंवा कवच तडकतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. मार बसला होता का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण पोरं घरी सगळंच सांगत नाहीत. नवं घेताना बीएस ७९२८:२०१३ हे मानक लिहिलेलं बघून घ्या. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला, त्यानंतर मानेच्या संरक्षक पट्ट्याही आल्या आणि २०१९ मध्ये त्यांचाही मानकात समावेश झाला. बॅटीत वाचवलेले पैसे हेल्मेटमध्ये घाला. पॅड जुने चालतात, पट्ट्यांचे व्हेल्क्रो धरतात का ते विचारा. ग्लोव्हजचा तळवा घामाने वाळून कडक झालेला असतो, त्यामुळे तीन-चार पौंडांच्या वर देऊ नका. गार्ड नवंच घ्यायचं, यावर चर्चा नको.

आता विकण्याबद्दल. २०२४ च्या ऑक्टोबरपासून इथल्या खासगी विक्रेत्यांना ईबे विक्रीचं शुल्क लावत नाही, त्यामुळे मुलाचं जुनं किट विकायला ही जागा चांगली आहे. पण सगळं एका लॉटमध्ये घालू नका. बॅट वेगळी, पॅड-ग्लोव्हज एकत्र. किटबॅगेसकट विकलं की घेणारा बॅटीचीच किंमत देतो आणि बाकीचं फुकट नेतो. तुमची काश्मीर विलोची बॅट इथे फारशी जाणार नाही. ती क्लबातल्या एखाद्या छोट्या मुलाला टेनिस बॉलसाठी देऊन टाका.

फोटो दिवसाच्या उजेडात, गवतावर नको, साध्या चादरीवर काढा. दर्शनी बाजू, पाठ, दोन्ही कडा, टो, जोड आणि काट्यावरचं वजन. खोट लपवू नका, उलट तिचाच सगळ्यात स्पष्ट फोटो टाका आणि बाजूला नाणं ठेवा, म्हणजे चिरेची लांबी कळते. चीर दाखवलेली बॅट पाचेक पौंडांनी कमी जाईल, पण परत येणार नाही. परत येण्याची भानगड जास्त वाईट असते. काही महाभाग तुमची बॅट ठेवून घेतात आणि स्वतःची फुटकी "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत पाठवतात. त्यावर इलाज म्हणून पाठवण्याआधी ग्रिप थोडी वर सरकवून हँडलवर एक बारीक खूण करायची, तिचा आणि पात्यावरच्या रेषांचा जवळून फोटो काढायचा. लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन बॅटींच्या कधी जुळत नाहीत. तो फोटो जाहिरातीत टाकायचा नाही, स्वतःजवळ ठेवायचा.

टपालाचं गणित जाहिरात टाकण्याआधी करा. रॉयल मेलच्या मध्यम पार्सलला ६१ सेंटिमीटर लांबीची मर्यादा आहे आणि बॅट, मुलाची असली तरी, त्यापेक्षा लांब असते. मोठी बॅट ८५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे लांब पार्सल घेणारा कुरिअर बघावा लागतो, एव्हरी ही कुरिअर कंपनी १२० सेंटिमीटरपर्यंत घेते. टो आणि हँडलच्या टोकाला जाड पुठ्ठ्याच्या टोप्या करा, मधे बबल रॅप, वरून पुठ्ठा. कुरिअरच्या हातून बॅट पडते ती बहुधा टोवरच. ट्रॅकिंगशिवाय काही पाठवू नका, नाहीतर पार्सल पोचल्याचं सिद्ध करता येणार नाही आणि पैसे अडकून बसतील.

घेणारा घरी येऊन नेणार असेल तर दारात उभं राहून नोटा घेतल्या आणि बॅट दिली, असं करू नका. नंतर तो "मिळालीच नाही" म्हणू शकतो. ईबे अशा वेळी त्याला एक कोड देतं, तो तुम्ही स्कॅन केलात की देवाणघेवाणीची नोंद होते. भेटायचं ते क्लबाच्या मैदानावर, सरावाच्या दिवशी. "माझा कुरिअर येऊन घेऊन जाईल, मी जादा पैसे पाठवतो, तुम्ही कुरिअरला द्या" म्हणणारा माणूस बॅट घ्यायला आलेलाच नसतो.

मुलाचं वापरलेलं सामान तोट्यात विकलं तर कराचा प्रश्न येत नाही. वर्षभरात ३० विक्र्या किंवा २,००० युरो ओलांडले की ईबे तुमची माहिती कर खात्याला कळवतं, पण कळवलं म्हणजे कर लागला असं नाही. विकण्यासाठीच बॅटी घ्यायला लागलात, तर मात्र तो धंदा झाला.

मेहुण्यांसाठी मी लिलावातून बॅट उचलणार नाही. इंग्लिश विलोची लाकडं इथूनच भारतात जातात, मेरठ-जालंधरला त्यांच्या बॅटी होतात, आणि तिथली नवी बॅट इथल्या त्याच दर्जाच्या नव्या बॅटीपेक्षा स्वस्त पडते. मेहुण्यांनी दुकानात जाऊन हातात धरून, चेंडू टपटपवून घेतलेली बॅट ही त्यांच्यासाठी तुम्ही फोटोवरून घेतलेल्या बॅटीपेक्षा केव्हाही बरी. त्यातूनही हट्टच असेल तर दोन गोष्टी बघा. २०१७ च्या ऑक्टोबरपासून बॅटीची कड ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीच्या काही जाडजूड बॅटी लिलावात अजून फिरतात आणि पंचांच्या मापात बसत नाहीत, म्हणून कडेचं माप लिहून मागा. दुसरं, ती कुरिअरने पाठवू नका. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत, आणि नातेवाइकाला भेट म्हणून पाठवली तरी सीमाशुल्क सुटत नाही. स्वतः जाताना सामानात न्या, तीही चेक-इनमध्ये, कारण केबिनमध्ये बॅट नेऊ देत नाहीत.

मेहुणे तिकडेच जुनी बॅट शोधणार असतील तर त्यांना हेही सांगा. भारतात खऱ्या अर्थाने लिलावाची मोठी जागा आता उरलेली नाही. बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्ये घेतली, आणि ईबे इंडियाही २०१८ मध्ये बंद झाली. आता ओएलएक्सवर घासाघीस चालते आणि व्हॉट्सॲप-फेसबुकच्या ग्रुपांवर कमेंटमध्ये बोली लागतात. तिथे मधे कोणीच नसतं, त्यामुळे आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, बॅट हातात घेऊनच द्यायचे. मेहुणे विकणार असतील तर "मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील" असा फोन येण्याची तयारी ठेवा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. गेलेच, तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन लावायचा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवायचा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.